आकडा बरोबर, वेळ चूक

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयावर ते गुणकारी ठरले, पण काही रोग्यांना त्याने बहिरेपण आले. १९६३ साली जाहीर झालेले त्याच कुळातले जेंटामायसिन कानांबरोबर मूत्रपिंडांनाही इजा करू शकते. मात्रा कमी पडली तर रोग हटत नाही. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण मोजू लागले.

मोजणारे चुकतात हे त्याआधीच दिसले होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बेल्क व संडरमन यांनी पेनसिल्व्हानियातील प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले होते. उत्तरे मात्र कमालीची वेगवेगळी आली. तेव्हापासून प्रयोगशाळा एकमेकींशी ताडून पाहू लागल्या. परंतु प्रयोगशाळेबाहेरची चूक अशा तपासणीत सापडत नाही.

जेंटामायसिन दर आठ तासांनी देण्याच्या पद्धतीत पुढच्या डोसाआधी प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत हवे, तर डोसानंतर सुमारे तासाभराने ५ ते १०. समजा, फलटणहून पुण्याला नमुना गेला, उत्तर आले ८, आणि चिठ्ठीवर रक्त घेतल्याची वेळच नाही. डोसानंतरचे असेल तर ८ योग्य. आधीचे असेल तर धोक्याचे. यंत्र निर्दोष असूनही आकडा निरुपयोगी!

प्रयोगवहीत वाचनाशेजारी वेळेचा रकाना आपण का आखायला लावतो, हे मुलांना यावरून सांगता येईल.