ईदच्या दस्तरखानासाठी घरची कोंबडी : पिल्लापासून जबहपर्यंत

ईद-उल-फित्रच्या सकाळी शीरखुर्मा आणि दुपारी कोंबडीचा सालन हा आपल्याकडे अनेक घरांतला नेम आहे. कोकणात त्यासोबत सांदण असतात. पूर्वी ही कोंबडी परसातच वाढायची आणि घरातलेच कोणी तरी तिला जबह करायचे. आता बहुतेक घरांत हे काम दुकानावर सोपवले गेले आहे, आणि त्याबरोबर जबहचे इल्मही घरातून निघून चालले आहे. वर्गात मुलांना विचारले की चिकन कुठून येते, तर 'दुकानातून' एवढेच उत्तर मिळते. म्हणून ही माहिती आम्ही क्रमाने देत आहोत.

पिल्ले केव्हा आणावीत?
गावठी कोंबडी खाण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे शव्वालच्या ईदसाठी पिल्ले रबीउस्सानी किंवा जमादिलअव्वलमध्ये आणावीत. गिरिराज, वनराज या सुधारित जाती साधारण तीन महिन्यांत तयार होतात. त्यांची पिल्ले रजबच्या सुरुवातीला आणली तरी चालते. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, त्यामुळे हिशेब चांदाच्या महिन्यांनीच ठेवावा.

निगा
पहिले काही आठवडे पिल्लांना बल्बची ऊब द्यावी. पिल्ले बल्बखाली गर्दी करू लागली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उष्णता जास्त आहे असे समजावे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगात अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते. त्यासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस आणि पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावेत. औषध दिले असेल तर त्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत जबह करू नये. पक्षी अचानक पटापट मरू लागले तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवावे. २००६ साली नवापूरला आलेला बर्ड फ्लू आपल्याला आठवत असेलच.

मोकळी कोंबडी उकिरडा उकरते. घाण खाणारी कोंबडी ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तीन दिवस कोंडून ठेवत, अशी रिवायत आहे. आपणही शेवटचे तीन दिवस तिला खुराड्यात ठेवून स्वच्छ दाणा-पाणी द्यावे.

चांदरात
जबहपूर्वी ८ ते १२ तास दाणा बंद ठेवावा, पाणी चालू ठेवावे. आदल्या संध्याकाळी जबह करून मांस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर घरच्या कोंबडीचे चिवट मांस मऊ होते. २९व्या रोज्याला चांद दिसला नाही तर कोंबड्यांना दाणा घालावा आणि एक दिवस थांबावे.

जबह
सुरी आधीच, कोंबडीच्या नजरेआड धार लावून ठेवावी. एकीसमोर दुसरी कापू नये. सुरी तेज करा आणि जनावराला आराम द्या, ही ताकीद सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे. पंख आणि पाय नीट धरून, किब्ल्याकडे तोंड करून, 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणून सुरी चालवावी. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापाव्यात. मुंडी वेगळी करू नये. हनफी मसलकात बिस्मिल्लाह जाणूनबुजून सोडली तर जबीहा हलाल होत नाही. शाफई मसलकात ती सुन्नत आहे.

घरात पुरुष नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. ह. कअब बिन मालिक (रजि.) यांच्या दासीने धारदार दगडाने जबह केलेली बकरी खाण्याची परवानगी प्रेषितांनी (सल्ल.) दिली, हे बुखारीत आले आहे.

कोंबडी पूर्ण शांत होईपर्यंत तिला पाण्यात घालू नये की पिसे उपटू नयेत. पिसे काढताना ती आतड्यांसकट उकळत्या पाण्यात ठेवू नये. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवणे पुरते. पित्ताची पिशवी न फोडता काढावी. कलेजी-पेटा धुऊन घ्यावा. पिसे, रक्त आणि आतडी खोल खड्ड्यात पुरावीत, शेजाऱ्यांना त्रास होईल अशी टाकू नयेत.

एक गैरसमज
कोंबडी हलाल आहे. प्रेषितांनी (सल्ल.) ती खाल्ल्याचे ह. अबू मूसा (रजि.) यांनी सांगितले आहे. पण बकरी ईदची कुरबानी कोंबडीने अदा होत नाही. ती शेळी-मेंढीसारख्या ठरावीक जनावरांचीच असते.

मुलांबाबत
दाणा घालणारी मुले पक्ष्यांना नावे ठेवतात, जीव लावतात. म्हणून कोणती कोंबडी ईदसाठी आहे हे पहिल्या दिवशीच सांगावे. जबह पाहण्याची सक्ती करू नये, आणि कोणी लपून पाहिले तर रागावू नये. एखाद्या मुलाने त्या दिवशी सालन खाल्ला नाही तर त्याची चेष्टा करू नका. त्याच्यासाठी भाजी करावी. जीव घेणे ही हलकी गोष्ट नाही, म्हणूनच ती अल्लाहचे नाव घेऊन करायची असते, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे.