भलत्याचीच ‘हजर’

मास्तराची मान हजेरीपटात असली, की गैरहजर पोराच्या नावाला भलताच कुणी ‘हजर’ म्हणतो आणि मास्तर खूण करून पुढे जातो. वाचकहो, हीच लबाडी एकदा जगाच्या दळणवळणाशी झाली. तिची हकीकत सांगतो.

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा. माणसाच्या ध्यानात राहतात ती नावे. पूर्वी सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत असे. ती अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी हा कारभार अनेक यंत्रांत वाटून देण्याची योजना मांडली. ही यंत्रे म्हणजे नेमसर्व्हर. नाव सांगावे, त्याने दुसऱ्याला विचारून पत्ता आणावा, काही काळ स्मरणात ठेवावा आणि विचारील त्याला सांगावा. आलेले उत्तर खरे की खोटे, हे पारखण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

१९९७ च्या जुलैत यूजीन कॅशप्युरेफ या अमेरिकन गृहस्थाने याचा फायदा घेतला. नावांची नोंदणी एकाच कंपनीच्या हाती, याचा त्याला राग. त्याने सर्व्हरांच्या स्मरणात खोटा पत्ता पेरला आणि नोंदणी-कचेरीकडे निघालेली माणसे त्याच्या दारात उतरली! पुढे त्याला कॅनडात अटक झाली. १९९८ साली त्याने गुन्हा कबूल केला.

खरे संकट २००८ साली डॅन कामिन्स्की यांना दिसले. प्रत्येक प्रश्नाला ६५,५३६ पैकी एक क्रमांक असतो. खऱ्या उत्तराआधी तो क्रमांक साधून बोलणाऱ्या चोरावर सर्व्हर विश्वासतो. एकदा नेम चुकला, की स्मरणातले उत्तर शिळे होईपर्यंत चोराने थांबावे, असा समज होता. पण एकाच घराण्यातली नसलेली नावे एकामागून एक विचारली, तर दरवेळी नवी संधी! एक नेम लागला, की साऱ्या घराण्याचा पत्ता चोराच्या हाती. पाटीवर नाव पेढीचे, आत बसलेला दरोडेखोर.

हे गुपित विकून कामिन्स्की धनाढ्य होऊ शकले असते. त्यांनी ते जाणकारांच्या कानी घातले. मार्चअखेर सोळा तज्ज्ञ मायक्रोसॉफ्टच्या आवारात जमले आणि ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती जाहीर केली: क्रमांकाबरोबर उत्तर घेण्याची खिडकीही दरवेळी बदलायची. उत्तरावर सही असावी, हा पक्का उपाय. २०१० साली मुळाशी ती सही झाली, पण सगळ्या नावांना ती अजून नाही.

कामिन्स्की २०२१ साली गेले. वय अवघे बेचाळीस, माझ्याच पिढीचे. हल्ली हजेरी घेताना मी मान वर करून पाहतो.