'लीन' : आपला आणि इंग्रजांचा

'देवाचरणी लीन होणे' हा आपल्या नित्य परिचयाचा वाक्प्रयोग. इंग्रजीतही 'लीन' असे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ कलणे, झुकणे, टेकणे असा आहे. त्यामुळे हे दोन्ही शब्द मुळात एकच असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य निव्वळ योगायोगाचे. आपला 'लीन' संस्कृतातील 'ली', म्हणजे चिकटणे, मिसळून जाणे, या धातूपासून आला. 'विलीन', 'तल्लीन', 'लय' ही त्याची भावंडे.

इंग्रजी 'लीन'चे नाते जुळते ते 'आश्रय' या शब्दाशी! जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप 'ह्लिनियन' असे होते. ते, ग्रीकमधील 'क्लिनेइन' आणि संस्कृतातील 'श्रि' (टेकणे, आधार घेणे) हे एकाच मुळातून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळचा 'क' जर्मानिक शाखेत 'ह' झाला, संस्कृतात 'श'. तेथे 'ल'च्या जागी 'र' आला. पुढे इंग्रजीने 'ल'च्या आधीचा 'ह'ही गाळला. संस्कृत 'श्रुत' आणि इंग्रजी 'लाउड' या जोडीतही नेमका हाच फरक आढळतो. शब्दांचे गोत्र ठरवताना वरवरच्या सारखेपणापेक्षा असा नियमाने पडणारा फरक अधिक विश्वासार्ह ठरतो.

ग्रीक शाखेचा विस्तार तर थक्क करणारा आहे. टेकण्याचा पलंग तो 'क्लिने'; रुग्णाच्या पलंगापाशी जाऊन उपचार करणाऱ्या वैद्यावरून 'क्लिनिक' आले. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे पृथ्वीला असलेला उतार म्हणजे 'क्लिमा', त्यावरून 'क्लायमेट'. भिंतीला टेकवलेली शिडी म्हणजे 'क्लिमॅक्स'. चित्रपटाचा क्लायमॅक्स त्या शिडीची शेवटची पायरी म्हणावी काय?

कृश, चरबीविरहित या अर्थाचा 'लीन' मात्र वेगळा. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'ह्लेने' होते. उच्चार कालांतराने एक झाले. टोयोटाच्या काटकसरी उत्पादनपद्धतीला जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ मध्ये 'लीन' म्हटले, ते याच अर्थाने.

झुकण्यावरून मनाची ओढ सुचवण्याची रीत दोन्ही भाषांत आहे. इंग्रजीत 'लीनिंग', मराठीत 'कल'. मतमोजणीच्या दिवशी आपण कल विचारतो, तेव्हा तराजूचे पारडे कोणीकडे झुकले एवढेच विचारत असतो. आणि घराच्या भिंतीला टेकून उतरत्या छपराखाली काढलेला जो भाग, त्याला इंग्रज 'लीन-टू' म्हणतो, आपण पडवी.