नॅनोचं पेट्रोल पुढून भरतात

परवा रविवारी बाबांची नॅनो घेऊन पंपावर गेलो. पंपावरचा पोरगा नवीन असावा. पाइप हातात धरून त्याने गाडीला डावीकडून एक, उजवीकडून एक अशा दोन फेऱ्या मारल्या, मागे जाऊन वाकून बघितलं आणि शेवटी मला विचारलं, "साहेब, इलेक्ट्रिक आहे का?" मी उतरून पुढचं बॉनेट उघडलं. आत स्टेपनी आणि पेट्रोलचं झाकण. मागे रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला हसू आवरेना.

२०११ साली असं होत नव्हतं. तेव्हा नॅनो सगळ्यांना माहीत होती. पंपावर, सिग्नलला, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "ॲव्हरेज किती देते हो?" आणि त्याला लागूनच दुसरा प्रश्न, "लाखातच बसली ना?"

आजचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. निमित्त म्हणाल तर गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलंय आणि ते वाढवायचं की गाडी भंगारात द्यायची यावरून आमच्या घरात गेले दोन महिने चर्चासत्र चालू आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची, पोट भरतं जावा कोडिंगवर. त्यामुळे गाड्यांबद्दल बोलायची हौस मला वीकएंडलाच भागवावी लागते. चालवून घ्या.

आधी थोडं मागे जाऊ. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० दिल्लीत गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली गेली. चाव्या खुद्द इंदिरा गांधींनी दिल्या. किंमत साडेसत्तेचाळीस हजार. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बाराच इंची चाकं. आज बघितली तर डबी वाटते. पण तेव्हा रस्त्यावर दुसरं होतं काय? ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी. दोन्हींचं मूळ डिझाइन १९५०-६० च्या सुमाराचं. त्यामुळे मारुती लहान होती, स्वस्त होती, तरी बघणाऱ्याला ती आधी 'नवीन' दिसायची आणि 'जपानी' दिसायची. बाबा सांगतात, त्यांच्या चाळीत पहिली मारुती आली तेव्हा लोक पेढे खायला गेले होते. ती घेणारा माणूस एक पायरी वर चढायचा.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग व्हेस्पा आणि लँब्रेटावर फिरत होता. नवराबायको, मधे पोर, अगदी आपल्यासारखंच. त्यांच्यासाठी दान्ते जियाकोसा या फियाटच्या इंजिनिअरने १९५७ साली फियाट ५०० काढली. ४७९ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, लांबी तीन मीटरच्या आत. ओळखीचं वाटतंय ना? नॅनोची पणजीच म्हणायची. गंमत म्हणजे ही गाडी सुरुवातीला खपेना! खर्च वाचवायच्या नादात फियाटने तिला इतकी बोडकी ठेवली होती की दाराच्या काचासुद्धा खाली होत नव्हत्या आणि मागे धड सीट नव्हती. स्कूटरवाला म्हणाला, एवढे पैसे टाकून हे घ्यायचं? फियाटने काही महिन्यांतच चूक दुरुस्त केली. काचा खाली करायची सोय, थोडं क्रोम, बरी सीट. मग मात्र १९७५ पर्यंत अडतीस लाखांच्या वर गाड्या गेल्या.

मी ऑफिसात रिक्वायरमेंटवर डोकं खाणारा माणूस, म्हणून मला यात फार मोठी गोष्ट दिसते. स्कूटरवाल्याला स्वस्त गाडी हवी असते. ती स्वस्त आहे हे शेजाऱ्याला दिसायला नको असतं.

आता नॅनो. रतन टाटांनी पावसात स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब बघितलं आणि त्यांच्या डोक्यात ही गाडी आली, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. ते कुटुंब आम्हीच होतो असं म्हणायला हरकत नाही. बाबांची चेतक, पुढे मी उभा, बाबांच्या पाठीला चिकटून ताई, मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. चिंचवड ते मंडई असा प्रवास आम्ही कैक वेळा केलाय. पण 'एक लाख' हा आकडा कुठून आला? २००३ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा एका वार्ताहराशी बोलताना साधारण लाखाची गाडी असं काहीतरी म्हणाले, त्याचा मथळा झाला, आणि मग त्यांनी तोच आकडा लक्ष्य म्हणून स्वीकारला. म्हणजे गाडीचा एक नट बनायच्या आधी तिची किंमत पेपरात छापून आली होती. ज्यांनी क्लायंटला दिलेल्या तारखेवरून मागे मोजत प्रोजेक्ट केलाय त्यांना हे दुःख कळेल :-)

गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या टीमने त्या आकड्यात जे बसवलं ते मात्र खरोखर बघण्यासारखं आहे. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन मागच्या सीटच्या पाठी. त्यामुळे पुढची जागा मोकळी आणि चाकं पार गाडीच्या चार कोपऱ्यांत. लांबी ३.१ मीटर, मारुती ८०० पेक्षा वीतभर कमी, आणि आत जागा मात्र जास्त. वजन मागे म्हणून मागचे टायर रुंद, पुढचे अरुंद. चाकाला तीनच नट. वायपर एक. सगळ्यात स्वस्त मॉडेलला आरसासुद्धा एकाच बाजूला. यातली प्रत्येक काटछाट इंजिनिअर म्हणून मला सुंदर वाटते. गिऱ्हाइकाला 'इथेपण वाचवलं' एवढंच दिसतं.

सिंगूरबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी थोडक्यात आटोपतो. २००६ ला घोषणा, जमिनीवरून आंदोलन, १० जानेवारी २००८ ला दिल्लीत गाडीचं दर्शन, त्याच ऑक्टोबरात टाटांनी बंगाल सोडलं आणि साणंद गाठलं. पुढे ३१ ऑगस्ट २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच बेकायदा ठरवलं. गाडी पडली ती सिंगूरमुळे असं म्हणणारे बरेच आहेत. मला पटत नाही. कारण एवढं सगळं होऊनसुद्धा एप्रिल २००९ मध्ये दोन लाखांच्या वर लोकांनी बुकिंग केलं, तेही बहुतेकांनी कर्ज काढून, आणि लॉटरी काढून पहिले एक लाख निवडावे लागले. आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात बजाजने स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मैदान साफ होतं!

आणि तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात ५०९ नॅनो खपल्या. महिन्याभरात, अख्ख्या देशात. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या त्या वर्षी गाजत होत्या, हे खरंच. कंपनीने वायरिंगला आणि एक्झॉस्टला मोफत जादा संरक्षण बसवून द्यायला सुरुवात केली. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची, आणि सर्वात चांगल्या वर्षातही आकडा पाऊण लाखाच्या पुढे गेला नाही.

आमची गाडी या पडत्या काळातलीच. बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. पतपेढीचं कर्ज, थोडी आईची भिशी, आणि २०११ मध्ये दारात नॅनो आली. मधलं मॉडेल, एसीवालं. आई तिला आजही 'आपली गाडी' म्हणते, नावाने कधीच नाही.

मी तेव्हा आठवीत. क्लासला एकाचे वडील होंडा सिटी घेऊन यायचे. पहिल्याच आठवड्यात एक पोरगा ओरडला, "अरे, याची लाखाची रिक्षा आली!" बाकीचे हसले. आता आठवलं तर त्या पोराच्या घरी स्कूटीच होती. दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मला चौकातच सोडा, आत वळवायला त्रास होतो. (चार मीटरची टर्निंग रेडियस असलेली गाडी! तिला वळायला त्रास!) बाबांनी चौकात सोडलं. काही बोलले नाहीत. पुढची दोन वर्षं त्यांनी न सांगता चौकातच सोडलं, पाऊस असला तरी.

तर स्वस्तपणाची लाज म्हणजे काय ते मला मार्केटिंगच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अठरा वर्षांचा झाल्यावर ड्रायव्हिंग याच गाडीवर शिकलो. बाहेरून ज्यांनी बघितली त्यांना सांगतो, आत बसणं हा वेगळाच अनुभव आहे. सीट उंच, छत उंच, समोरची काच मोठी आणि बॉनेट जवळजवळ दिसतच नाही. बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्यासारखं वाटतं. पॉवर स्टिअरिंग नाही, तरी गाडी जरा हलली की स्टिअरिंग हलकं होतं कारण इंजिनाचं ओझं पुढच्या चाकांवर नाही. शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गल्लीबोळात ही गाडी जे करते ते करायची छाती दुसऱ्या गाडीला होणार नाही. दोन बाइकच्या मधल्या जागेत ती पार्क होते. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, दारात भलीमोठी एसयूव्ही. पेठेत काम निघालं की संध्याकाळी बाबांना फोन, "गाडी आहे का हो उद्या?"

आवाज? आहे. पाठीमागून फटफट येते आणि पाहुण्यांना वाटतं मागे रिक्षा लागलीय. डिकीचं दार बाहेरून उघडत नाही, मागची सीट पाडून सामान आत सरकवायचं. गव्हाचं पोतं असं घालायला दोघं लागतात, त्याचं एक तंत्र आहे. कराडला जाताना खंबाटकी चढायचा तर आधी एसी बंद, मग दुसरा गिअर, आणि मग मनाची तयारी. ट्रक शेजारून गेला की गाडी थोडी सरकते. हायवेची गाडी नाहीच ती, शहराची आहे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य स्टार मिळाले. त्याच फेरीत ऑल्टो ८०० सकट इतर चार लोकप्रिय गाड्याही शून्यच होत्या, पण ते सोडा. मी बातमी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "स्कूटरला किती देतात रे?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही धड नाही.

२०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं. २०१५ मध्ये उघडणारी डिकी, मोठी टाकी आणि ऑटोमॅटिक गिअर आले. फियाटने जे काही महिन्यांत केलं त्याला इथे पाच-सहा वर्षं लागली, आणि तोवर 'लाखाची गाडी' हा शिक्का पुसण्यापलीकडे गेला होता. स्वतः रतन टाटांनीही नंतर कबूल केलं की सर्वात स्वस्त गाडी म्हणून तिची ओळख होणं दुर्दैवी ठरलं. जून २०१८ मध्ये पूर्ण महिन्यात एकच नॅनो बनली. त्यानंतर सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगतो. मे २०२२ मध्ये रतन टाटा मुंबईत ताजला नॅनोतून आले, तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. काय साधेपणा, काय मोठा माणूस, लोकांनी डोक्यावर घेतलं. आमच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कुणी टाकला असेल? त्याच 'लाखाची रिक्षा' वाल्याने. वर हात जोडलेले तीन. मीही मुकाट्याने अंगठा दाखवला.

असो. तर रजिस्ट्रेशनचा प्रश्न. आरटीओची नूतनीकरणाची फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर, फिटनेस, त्याआधी चार टायर. मी एक्सेल शीट केली. एका बाजूला हा खर्च, दुसऱ्या बाजूला गाडीची आजची किंमत. शीट म्हणते, भंगार. ताईने फोनवरून सांगितलं, "तुझी शीट तुझ्याजवळ ठेव." आईचं मत विचारायची सोयच नाही, ती 'आपली गाडी' म्हणते म्हटल्यावर विषय संपला.

बाबा काहीच बोलत नव्हते. काल रात्री जेवताना मीच म्हटलं, "पुढच्या महिन्यात फिटनेसला नेऊ. मी सुट्टी टाकतो."

"तू कशाला सुट्टी घालवतोस? मी जातो."

"नको, दोघं जाऊ. चालवा तुम्ही."

त्यांनी भाताचा घास संपवला. मग म्हणाले, पायाखालचे मॅट फाटलेत, इन्स्पेक्टर बघतो का रे तेपण? बघत नाही, मी म्हटलं. "तरी नवीन टाकू," म्हणाले. "लाल मिळतात का बघ."