नसलेला उंबरा

वाकून आत या. हे घर नाही, कोठार आहे. खिडकी म्हणावी असं आत काही नाही, त्यामुळे उन्हातून आल्यावर डोळ्यांना दिसू लागण्याआधी नाकाला वास लागतो. ओली राख, करपलेलं गवत, घाम. भिंतीवर तळवा टेकवून पाहा. माती जाड लिंपलेली आहे आणि अजून कोमट लागते. आगीत धान्य वाचावं म्हणून इथे कोठारं अशीच बांधतात. या कोठाराने चार दिवसांपूर्वी आपलं काम चोख केलं. घर मात्र गेलं.

साल १८२७. गाव काशिवाबारा, जपानच्या शिनानो प्रांतातलं, होक्कोकु रस्त्यावरचं मुक्कामाचं ठाणं. पाठीशी कुरोहिमे डोंगर. थंडीत इथे बर्फाचे ढीग लागतात, आता मात्र अंगाला कपडा चिकटतोय. महिना विचारलात तर उत्तर मिळेल, अधिक सहावा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाशी जुळवून घ्यायचे तर मधूनमधून एक महिना जास्तीचा धरावा लागतो, तो हिशेब इथेही आहे. आपल्याकडे अधिकात जावयाला अनारसे करतात. इथे या अधिकाच्या पहिल्याच दिवशी गाव पेटलं.

आता डोळे सरावले असतील. तिकडे चटईवर बसलेले म्हातारबाबा दिसले? तेच कवी कोबायाशी इस्सा. इथल्या मोजणीने वय पासष्ट. पक्षाघाताने जीभ जड झाली आहे, लांबच्या वाटेला पालखी लागते. याओ, त्यांची तिसरी बायको, शेगडीशी काहीतरी करते आहे. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. आग लागून गेलेल्या घरी माणसं येतच असतात. बसा.

यांचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण त्यात रेंगाळलं की जीव कासावीस होतो. तिसऱ्या वर्षी आई गेली. सावत्र आईशी पटेना, म्हणून पंधराव्या वर्षी बापाने एदो शहरात पाठवलं. १८०१ मध्ये वडील वारले आणि वाटणीचा वाद सुरू झाला, तो १८१३ पर्यंत चालला. अखेर एकाच घराचे दोन भाग झाले, अर्धं यांचं, अर्धं सावत्र भावाचं. बावन्नाव्या वर्षी पहिलं लग्न, किकुशी. चार मुलं झाली, चारही गेली. त्यांतली सातो एक वर्षाची होऊन वर थोडे दिवस जगली आणि १८१९ मध्ये देवीच्या रोगाने गेली, सहाव्याच महिन्यात. १८२३ मध्ये किकुही गेली.

आणि हा माणूस लिहितो कशावर? माशी, पिसू, बेडूक, चिमणी, गोगलगाय. वीस हजारांहून जास्त कविता, रोजनिशीत हवामानाच्या नोंदीला लागून उतरवलेल्या. या कवितांना कोणी हलकंफुलकं म्हणून बाजूला सारलं की मला राग येतो. मुळात ‘हाइकाइ’ या शब्दातच थट्टा आहे, गंमत आहे. (हायकू हे नाव रूढ व्हायला अजून सत्तरेक वर्षं आहेत, ते मासाओका शिकी करतील. इथे ‘होक्कु’ म्हणा.) ज्याचं एवढं हिरावलं गेलं त्याने पिसवेची चौकशी करावी, यात मला पळवाट दिसत नाही. जे जिवंत आहे त्याच्याशी बोलणं चालू ठेवायचं, मग ते कितीही बारीक असो. थट्टा हा त्या बोलण्याचा सूर आहे.

तुम्ही हायकूशी अगदी अनोळखी नाही. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, तेव्हापासून तीन ओळी आपल्या कानाला सवयीच्या आहेत. पण इथे डोकावून पाहा, कागदावर तीन ओळी नाहीत. कुंचल्याने वरून खाली लिहिलेली एकच सलग ओळ आहे. पाच-सात-पाच ही वळणं कानाने ओळखायची. यमक नाहीच. मोजायचे ते ध्वनी, आपल्या मात्रांचे सख्खे चुलतभाऊ. बोटं काढा, मोजून पाहू. का-शि-वा-बा-रा, पाच. को-बा-या-शी, चार, इ-स्-सा, मधला थांबासुद्धा एक धरायचा, म्हणजे तीन, एकूण सात. आता शेवटच्या पाचांत कोणाला बसवायचं? का-ता-त्सु-मु-रि, गोगलगाय! गाव, माणूस आणि गोगलगाय, झाली की नाही सतरा? शिवाय गोगलगाय हा ग्रीष्माचा शब्द. ऋतूचा असा एक शब्द कवितेत हवाच. घाई मात्र करा, कारण पंचांगाप्रमाणे आणखी दहा-बारा दिवसांत शरद लागेल, मग गोगलगायीची हद्द संपली.

खेळ पुरे. आता बाहेर जा आणि खरंच काहीतरी पाहून या.

बाहेर घराच्या जागी काळा चौकोन आहे. खांबांखालचे दगड तेवढे जागच्या जागी. बारा वर्षं भांडून जी वाटणी झाली, ती नेमकी कुठून होती हे आता सांगता येणार नाही, दोन्हीकडची राख एकसारखीच आहे. तुमच्या मनात भडाभडा शब्द येतात. बोटांवर मोजत तुम्ही मराठीतच जुळवता:

घर जळालं
सारं संपून गेलं
मुंगी चालते

पाच, सात, पाच. मुंगी ग्रीष्माची, म्हणजे ऋतूही साधला. तरी काहीतरी खोटं वाजतंय. ‘सारं संपून गेलं’ हे तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्हाला वाटलेलं आहे. पुन्हा खाली बसा, उकिडवे. मुंग्या बघा. त्या सरळ येत आहेत, राखेतून, कोळशाच्या तुकड्यावरून. एका ठिकाणी मात्र सगळी रांग डावीकडे वळते, हातभर आडवी जाते आणि मग पुन्हा आत शिरते. तिथे काय आहे? काहीच नाही. जमिनीत एक उथळ चर, तळहाताएवढी रुंद. लाकूड होतं ते जळून गेलं, त्याची खाच उरली. दाराचा उंबरा होता तो.

आता ‘घर जळालं’ म्हणायची गरज उरली का? खोडा. ‘संपून गेलं’ही खोडा.

उंबरा नाही
मुंग्यांची रांग तरी
वळून जाते

बरंच बरं झालं. पण ‘तरी’ वाचताना मला अडतं. ‘तरी’ म्हटलं की कवी मध्ये येऊन उभा राहतो आणि बोट दाखवतो, बघा, कसं आश्चर्य! मुंग्यांना आश्चर्य वाटलेलं नाही. तो शब्द काढा आणि नुसती जागा सांगा.

उंबरा नाही
मुंग्यांची रांग तिथे
वळून जाते

पहिल्या ओळीनंतर श्वासभर थांबून म्हणा. जपानीत या थांब्यासाठी ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे ठरलेले शब्द असतात. आपण नुसतं थांबायचं. आता आग कुठेच नाही आणि सगळीकडे आहे. थोडं हसूही आलं ना, त्या शिस्तीत वळणाऱ्या मुंग्यांचं?

आत या. इस्सांनी मघाचाच कागद पुढे ओढला आहे. हात कापतो, पण कुंचला टेकला की स्थिर होतो. ते काय लिहितात ते वाचायचा प्रयत्न करू नका, त्यांचं त्यांना लिहू द्या. याच वर्षी, अकराव्या महिन्यात, बाहेर बर्फ असताना, याच कोठारात त्यांचा शेवट होणार आहे. आणि त्यानंतर याओला मुलगी होईल, याता. तीच जगेल, मोठी होईल. हे तुम्हाला ठाऊक आहे, या खोलीत आणखी कोणाला नाही. बोलू नका. याओने पुढे केलेलं कोमट पाणी प्या आणि उठा.

ऊन उतरलंय. परतीची वाट त्या काळ्या चौकोनातूनच जाते. मुंग्यांची रांग अजून चालू आहे. लहानपणी आजी ओरडायची, उंबऱ्यावर पाय देऊ नये. चरीपाशी येताच तुम्ही पाऊल नेहमीपेक्षा थोडं उंच उचलता आणि पलीकडे ठेवता.