खणखणीत नाणे आणि बट्टा

आपल्या मराठी बोलीत नाण्यांचा खुळखुळाट फार. माणूस सचोटीचा असला की तो खणखणीत नाणे ठरतो. घरचेच कोणी वाकडे वागले, तर ‘आपलाच दाम खोटा’ म्हणून आपण गप्प बसतो. घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून जपतो. हे शब्द पंडितांनी घडविले नाहीत. ते पेठेत, सराफाच्या ओट्यावर जन्मले. त्यांच्या मागचा इतिहास पाहिला, म्हणजे आज मोडीत एखादे संशयाचे नाणे आले तर काय करावे, हेही उमगते.

पेशवाईत सगळीकडे चालणारा असा एकच रुपया नव्हता. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, अशी नाना तऱ्हेची नाणी बाजारात फिरत. टांकसाळी पुष्कळदा मक्त्याने दिलेल्या असत. आणखी एक गंमत अशी, की मराठी मुलखात पाडलेल्या या रुपयांवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे, आणि तेही फारशी लिपीत! तेव्हा अक्षरे वाचून रुपया ओळखणे सामान्य माणसाला कोठून जमणार? खरे-खोटे ठरे ते चांदीवर.

ही पारख कोण करी? गावात पोतदार आणि पेठेत सराफ. तो रुपया दगडावर टाकून वाजवी. चांगल्या चांदीचा नाद क्षणभर रेंगाळतो. आत हिणकस धातू असला, तर बद्द आवाज येतो. मग तो रुपया काट्यावर घाली, कड कोणी कातरली आहे काय हे पाही, आणि तरीही शंका राहिली तर बारीक टोचा मारून आतला धातू बघे. जुन्या रुपयांवर सराफांच्या अशा खुणा आजही दिसतात.

नाणे कमी उतरले की त्याच्या किमतीतून जे कापून घेत, तो बट्टा. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. बट्टा हिणकस नाण्याला लागे, तसाच परक्या नाण्यालाही लागे. समजा, एखाद्या कुणब्याने धान्य विकून चांदवडी रुपये आणले, आणि सारा भरायचा दुसऱ्या रुपयांत. मग सराफाची पायरी चढणे आले, आणि तो सांगेल तो बट्टा सोसणेही आले. रुपया अस्सल, तरी तोटा कुणब्याचा. कारण पारख दुसऱ्याच्या हाती होती.

हा गोंधळ १८३५ च्या कायद्याने ओसरू लागला. ईस्ट इंडिया कंपनीने एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकसारखा रुपया काढला. पुढे दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. खोटे रुपये पाडणाऱ्यांना सहज नक्कल करता येऊ नये, म्हणून त्याच सुमारास रुपयाच्या कडेलाही खास नक्षी आली. १९४७ मध्ये चांदी गेली आणि निकेलचा रुपया आला. आता रुपयाची पत धातूच्या मोलावर नाही, ती सरकारच्या शब्दावर आहे. म्हणून सराफाची जुनी कसोटी आज जशीच्या तशी लागू पडत नाही. १९९२ साली आलेला पोलादी रुपया चांदीसारखा वाजत नाही आणि लोहचुंबकाला चिकटतो. म्हणून काही तो खोटा नव्हे!

आता दहा रुपयांच्या नाण्याची हकीकत पाहा. दोन धातूंचे हे नाणे २००९ मध्ये चलनात आले. काही नाण्यांवर पंधरा रेघा, काहींवर दहा. काहींवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही. हे चिन्हच मुळी २०१० साली ठरले, तेव्हा आधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? पण २०१६ च्या सुमारास अफवा उठली आणि ठिकठिकाणी दुकानदार ही नाणी नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की दहा रुपयांच्या नाण्यांचे चौदा नमुने निघाले आहेत आणि चौदाही चालतात.

खोटी नाणी नसतातच असे नाही. ती पाडणारे पकडलेही गेले आहेत. मग पारख कशी करावी? त्याच किमतीचे, त्याच नमुन्याचे दुसरे नाणे शेजारी ठेवा. आकार आणि जाडी जुळते का, अक्षरे रेखीव आहेत की फुगीर, कड सारखी आहे का, दहाच्या नाण्यात मधली चकती कड्यात घट्ट बसली आहे का, हे पाहा. सनाखालची खूणही पाहा: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. म्हणून खूण नाही एवढ्यावरून संशय घेऊ नका. इतके पाहूनही शंका उरली, तर नाणे बँकेत दाखवा. खोटे आहे हे कळल्यावर ते दुसऱ्याच्या हातात सरकवणे हा गुन्हा आहे.

पण न पाहताच नाणे नाकारणे, हेही बरे नव्हे. कोथिंबिरीच्या जुड्या विकून बाई दहाची चार नाणी घेऊन दुकानात येते, आणि दुकानदार ती परत लोटतो. तिने सौदा कसा करावा? जुना बट्टा निदान रुपयातला काही भाग घेई. हा तर सबंध नाणेच बुडवतो.

शिक्षकमित्रांनी एक करावे. मुलांना घरातली निरनिराळी नाणी एका दिवसापुरती आणायला सांगावे, आणि प्रत्येकाचा सन, खूण व नक्षी फळ्यावर मांडून घ्यावी. तासाभरात मुले पारखी होतील, आणि संध्याकाळी घरच्यांनाही शहाणे करतील. गावात पोतदार आता उरला नाही. त्याचे काम आपणच शिकून घ्यायला हवे.