पोरांना कुणी विचारलं?

काडीमोड हा शब्द आताच्या पोरांना ठाऊक नसतो. आमच्या माण भागात नवराबायकोचं पटेनासं झालं की पंच चावडीत बसायचे. सगळ्यांसमोर काडी मोडून दोन तुकडे केले की नातं तुटलं. वकील नाही, कोर्ट नाही. 1955 साली हिंदू विवाह कायदा आला, पण रूढीनं होणारी फारकत त्यानंही शाबूत ठेवली. त्यामुळं आमच्याकडं ही रीत पुढंही बरीच वर्षं चालली.

पंचांपुढं आधी देण्याघेण्याचा विषय निघायचा. लग्नाचा खर्च, डोरलं, भांडीकुंडी, शेरडं. पोरांचं सगळ्यात शेवटी. अंगावर पिणारं असलं तर आईसंगं, जाणता पोरगा असला तर बापाकडं, असा ठोकताळा होता.

1972 च्या दुष्काळानंतर आमच्या आळीत अशी एक फारकत झाली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. दुष्काळी कामावर खडी फोडून दोघं पिचलेली, त्यात रोजची भांडणं. नऊ वर्षांचा पोरगा बापाकडं राहिला, सहा वर्षांची पोरगी आईबरोबर आजोळी गेली. शेळी कुणाची, यावर तासभर वाद चालला. पोरांचा निकाल बिडी विझायच्या आत लागला.

ती पोरगी आता आजी झाली. मागं यात्रेला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "दादा, आई का बाप, ह्याचं मला काय नव्हतं. मला माझा भाऊ पायजे हुता. तेवढं कुणी इचारलंच न्हाई."

कायद्यात मात्र हे विचारणं फार जुनं आहे. इंग्रजांच्या काळात, 1890 साली पालक आणि पाल्य कायदा झाला. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती कोर्ट लक्षात घेऊ शकतं, असं त्यात लिहिलंय. 1955 च्या कायद्यातही मुलांचा ताबा आणि शिक्षण ठरवताना जमेल तिथं त्यांची इच्छा पाहावी, असं कलम आहे. 1956 च्या कायद्यानं मुलाचं हित सर्वांत मोठं मानलं. 1973 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की मुलं ही आईबापाची मालमत्ता नव्हे. मुलांच्या हक्कांचा जागतिक करार 1989 चा. 1992 साली भारतानं तो मान्य केला. पण आमच्या चावडीपर्यंत यातलं काहीच आलं नाही.

आता फारकतीसाठी लोक तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टात जातात. तिथं न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून, आईबापाला बाहेर ठेवून, त्याच्याशी बोलू शकतात. हे मला पटतं. कारण दोघांच्या मधे उभं करून "कुणाकडं राहणार?" असं विचारणं म्हणजे पोराच्या हातात काडी देऊन तूच मोड म्हणण्यासारखं आहे. एकाचं नाव घेतलं की दुसरा दुखावतो, हे सहा वर्षांच्या लेकरालाही कळतं.

गावात अजूनही आधी चार माणसं बसतात. बसावंच. पण पोराला वेगळं घेऊन, त्याच्या विश्वासातल्या माणसानं बोलावं. शाळा कुठली सोडवत नाही, झोप कुणाजवळ लागते, कशाची भीती वाटते, भावंडाचं काय, हे विचारावं. निकाल मोठ्यांनीच द्यावा. ते ओझं पोरावर टाकू नये. पण त्याचं ऐकून घेतल्याबिगर देऊ नये. शेळीसाठी तासभर काढणाऱ्यांना लेकरासाठी तेवढा वेळ काढायला काय हरकत आहे?